नांगराला हात घालणारा सेवक : सॅम हिगिनबॉटम



गेल्या वर्षी नाताळाच्या आधी आम्ही बारडोलीस गेलो होतो. सुरत जिल्ह्यातील हा तालुका १९२८ च्या सत्याग्रहामुळे साऱ्या देशाला ठाऊक आहे. आज तेथे चोहोकडे ऊस उभा आहे. तो तोडण्यासाठी दरवर्षी दिवाळीनंतर डांगातून आणि आपल्या खानदेशातून हजारो कुटुंबे तेथे जातात. नवापूर-नंदुरबारकडची काही ख्रिस्ती कुटुंबेही त्यांत असतात. शेताच्या कडेला त्यांचे पडाव पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पहाटेच्या थंडीत तोडणी आणि रात्री-अपरात्री गाडी भरणे, असा त्यांचा क्रम. अशाच एका पडावावर रात्रीच्या प्रार्थनेसाठी आम्हाला बोलावले होते.

प्रार्थना आटोपल्यावर एका बापाने आपल्या मुलाला आमच्यापुढे उभे केले. मुलगा गावी आजीजवळ राहून दहावीत शिकत होता आणि सुटीत आईबापाकडे आला होता. शाळेतील गुरुजींनी त्याला दहावीनंतरच्या शेतकी पदविकेची माहिती दिली होती आणि ती गोष्ट त्याच्या मनात बसली होती. बापाला ती मुळीच पसंत नव्हती. मुलाने मातीचे तोंड पुन्हा पाहू नये, एखाद्या कचेरीत खुर्चीवर बसावे, एवढ्यासाठीच आपण हाडे झिजवीत आहोत, असे त्याचे म्हणणे. आम्ही मंडळीचे सेवक, तेव्हा मुलाची समजूत आम्हीच घालावी, असा त्याने आग्रह धरला.

आम्हाला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर आजवर आम्हीही व्यासपीठावरून तरुणांना पाळक व्हा, शिक्षक व्हा, परिचारिका व्हा, असेच सांगत आलो. शेतीचे शिक्षण घ्या असे एकदाही सांगितले नव्हते. परतीच्या वाटेवर आम्हाला एका सेवकाच्या जीवनाची आठवण झाली. पदविकेचा अभ्यास करीत असताना ते आम्ही वाचले होते आणि मग विसरूनही गेलो होतो. ते जीवन आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सॅम हिगिनबॉटम यांचा जन्म १८७४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी झाला. पुढे त्यांचे कुटुंब वेल्स प्रांतात राहावयास गेले. घरची स्थिती बेताची होती. शिक्षण लवकर सुटले आणि सॅम कामाला लागला. परंतु तरुणपणी त्याच्या मनाने देवाच्या सेवेचा ध्यास घेतला आणि शिकल्यावाचून सेवा नीट होणार नाही हेही त्याला उमगले. गरिबाच्या मुलाला घेईल अशी शाळा कोठे मिळेल, याचा शोध घेत तो अमेरिकेस गेला आणि १८९४ साली माउंट हर्मन येथील शाळेत दाखल झाला.

ही शाळा नामांकित सुवार्तिक डी. एल. मूडी यांनी १८८१ साली स्थापन केली होती. ज्यांना फीचे पैसे भरणे जड जाई अशा मुलांसाठी ती होती. तेथील एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रत्येक मुलाने रोज काही वेळ हातांनी काम केलेच पाहिजे. कोणी गोठ्यात, कोणी शेतात, कोणी स्वयंपाकघरात. पुस्तक आणि फावडे यांत तेथे उच्चनीच नव्हते. हिगिनबॉटम यांनी पुढे हिंदुस्थानात जे केले त्याचे बीज या शाळेत पडले, असे आम्हाला वाटते.

तेथून ते ॲमहर्स्ट व प्रिन्स्टन येथे शिकले आणि १९०३ साली पदवीधर झाले. त्याच सुमारास उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या एका मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. दलित जातींतील लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे येत आहेत आणि त्यांची काळजी घेण्यास माणसे पुरत नाहीत, हे त्यांच्या कानी आले. धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा झाला नव्हता, पाळकाची दीक्षा नव्हती. तरीही प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना पाठविले आणि १९०३ च्या अखेरीस ते येथे आले. पुढल्या वर्षी एथेल कोडी या त्यांच्या वाग्दत्त वधू हिंदुस्थानात आल्या व दोघांचा विवाह झाला.

हिगिनबॉटम यांना खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगावयाची होती. पण मिशनने त्यांना अलाहाबादच्या ख्रिस्ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकविण्याचे काम दिले. सेवकाच्या आयुष्यात असे पुष्कळदा होते. आपण एक मागतो आणि देव भलतेच दार उघडतो. त्याचबरोबर नैनी येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमाची देखरेखही त्यांच्याकडे आली. ज्यांना घरच्यांनीही टाकले होते अशा लोकांची ही सेवा त्यांनी पुढे अनेक वर्षे केली. पत्नीनेही तीत खांद्याला खांदा लावला.

वर्गात ते अर्थशास्त्र शिकवीत. पण पुस्तक परदेशातले आणि दारिद्र्य इथले. विद्यार्थ्यांना घेऊन ते आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले आणि तेथे त्यांच्या डोळ्यांवरची झापड उडाली. या देशाची बहुसंख्य माणसे जमिनीवर जगतात, जमीन त्यांना पोटभर देत नाही, आणि तिच्याकडून अधिक कसे घ्यावे हे शिकविणारे कोणी नाही. लाकडी नांगर माती नुसती ओरखडतो. शेण चुलीत जळते, खत म्हणून शेतात पडत नाही. चाऱ्याअभावी जनावरे उन्हाळ्यात हाडांचे सापळे होतात. पावसाचे पाणी सुपीक माती घेऊन नदीला जाते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक शिकविणार काय? उपाशी माणसाला मागणी आणि पुरवठा यांचा नियम सांगून काय उपयोग?

येथे त्यांच्या जीवनातील कसोटीचा क्षण आला. ज्याची गरज आहे ते आपल्याला येत नाही, हे त्यांनी मान्य केले. बोलण्यास हे सोपे आहे. पदवीधर, प्राध्यापक, लेकुराबाळांचा धनी असलेला माणूस वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १९०९ साली, अमेरिकेस परत गेला आणि ओहायो स्टेट विद्यापीठात कोवळ्या मुलांच्या शेजारी बसून शेतीशास्त्र शिकू लागला. अभ्यासाबरोबर ते मंडळ्यामंडळ्यांतून फिरत आणि आपला मनोदय सांगून वर्गणी मागत. सुमारे ३०,००० डॉलर जमले. १९११ साली शेतीची पदवी घेऊन ते परतले. अलाहाबादची ती शेतकी संस्था आपली स्थापना १९१० सालची धरते. म्हणजे संस्थेचा पाया घातला गेला तेव्हा तिचा संस्थापक स्वतःच विद्यार्थी होता!

यमुनेच्या पलीकडच्या काठावर, नैनी येथे, सुमारे २७५ एकर जमीन घेण्यात आली. ती चांगली होती म्हणून नव्हे. धुपून ओहोळ पडलेली, खोल मुळांच्या चिवट गवताने भरलेली ती जमीन होती. सुपीक रानात पीक काढून दाखविले असते तर गरीब शेतकऱ्याने त्यातून काय घ्यावे? म्हणून वाईट जमीनच आधी सुधारून दाखवायची, असा त्यांचा विचार होता. बांध घातले, पाणी अडविले, खोल नांगरट केली, खड्ड्यांत ओला चारा दाबून उन्हाळ्याची बेगमी केली, केरकचरा व मैला पुरून त्याचे खत केले. काही वर्षांत त्या उजाड जागेवर पीक डोलू लागले.

आता विरोधाची गोष्ट. तो बाहेरून आला त्याहून घरातून अधिक आला. मिशनरी सुवार्ता सांगण्यास आला की बैल हाकण्यास, असा प्रश्न पुष्कळांना पडला. आत्म्याच्या तारणासाठी मंडळ्यांनी दिलेला पैसा नांगर व गाई घेण्यात का घालावा, असे विचारले जाई. हिगिनबॉटम यांनी १९२१ साली सुवार्ता आणि नांगर या विषयावर पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मनुष्याचे शरीर व आत्मा देवाने एकत्र घडविले आहेत. ज्या प्रभूने पाच हजारांना आधी शिकविले त्यानेच त्यांना गवतावर बसवून जेवूही घातले. नवी ख्रिस्ती मंडळी कर्जात आणि उपासमारीत राहिली तर ती आपल्या पाळकाचे पोट भरू शकणार नाही आणि सदैव परक्यांच्या दानावर जगेल. हा शेवटचा मुद्दा आपल्या मराठी मंडळ्यांना नवा वाटणार नाही.

नैनीच्या संस्थेत कोण शिकत असे? शाळा संपविलेली मुले, निरनिराळ्या प्रांतांतली, निरनिराळ्या धर्मांची. सकाळी शेत, गोठा, कर्मशाळा आणि मग वर्ग. पांढरपेशा घरांतून आलेल्या काही मुलांना हाताला माती लागण्याची लाज वाटे. तेथे ती टिकत नसे, कारण मुख्याध्यापक स्वतः चिखलात उभे असत. हळूहळू अभ्यासक्रम वाढले. १९३२ पासून शेतीची विद्यापीठीय पदवी मिळू लागली. १९४२ साली तेथे शेतीच्या अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम निघाला. असा अभ्यासक्रम देशात तो पहिलाच. दुधाच्या धंद्याचे शिक्षणही तेथे मिळे. जर्सी आणि लाल सिंधी गाईंच्या संकरातून तेथे जरसिंद जात तयार झाली. एथेलबाईंनी स्त्रियांसाठी गृहव्यवस्थेचे शिक्षण सुरू करण्यास हातभार लावला. घर सुधारल्यावाचून शेत सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंदे यांनी त्यांची कीर्ती ऐकून १९१६ च्या सुमारास त्यांना संस्थानच्या शेतकी खात्याचे काम सांभाळण्यास बोलाविले. काही वर्षे त्यांनी तेही केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बनारस येथे हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे ते गाजलेले भाषण झाले. त्या सभेस हिगिनबॉटम हजर होते. पुढे दोघांचा परिचय झाला आणि खेड्यांच्या दारिद्र्यावर काय उपाय, याविषयी विचारविनिमय होत राहिला. दोघांची मते सर्वत्र जुळत नसत. गांधीजींचा भर चरख्यावर, यांचा नांगरावर. परंतु दोघांचे दुखणे एकच होते.

येथे बारडोलीची आठवण येते. सरकारने तेथील शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला आणि १९२८ साली वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. नंतरच्या चौकशीत सुमारे सहा टक्केच वाढ योग्य ठरली. त्याच १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल बाहेर आला. त्यात पुण्याजवळील लोणी येथील, शेतकऱ्यांच्या मुलांना देशी भाषेतून शिकविणाऱ्या शेतकी शाळेच्या धर्तीची चर्चा आहे. आणि योगायोग असा, की अमेरिकेत हायस्कुलात शेती शिकणाऱ्या मुलांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तीही १९२८ मध्येच. तेथे १९१७ च्या कायद्याने हायस्कुलांतील शेती शिक्षणास सरकारी मदत सुरू झाली होती. वर्गाबरोबर वर्षातून निदान सहा महिने प्रत्यक्ष शेतीकामाचा अनुभव घेणे, ही त्या कायद्याची अट होती.

बारडोलीच्या लढ्याने खातेदाराची मान ताठ झाली. ज्याच्या नावे जमीनच नव्हती त्या हळपती मजुराच्या नशिबात मात्र फारसा फरक पडला नाही. त्याच्यासाठी आणि आदिवासींसाठी जवळच्या वालोड तालुक्यात वेडछी येथे जुगतराम दवे यांनी जन्म वेचला. १९८५ साली ते निवर्तले. शेती आणि हस्तोद्योग यांच्यासह माध्यमिक शिक्षण देणाऱ्या उत्तर बुनियादी शाळा त्या भागात उभ्या राहिल्या. ब्रदरन मिशनने अंकलेश्वरला आणि प्रेस्बिटेरियन मिशनने आपल्या सांगलीला शेती व उद्योग यांचे शिक्षण दिले. म्हणजे हिगिनबॉटम एकटे नव्हते. एका ओळीत चालणारे अनेक औतकरी होते.

थोर माणसाच्या चुका झाकून त्याचे चरित्र सांगणे योग्य नाही. पवित्र शास्त्रही दाविदाच्या चुका झाकत नाही. हिगिनबॉटम यांना आरंभी परदेशी अवजारांचा फार भरवसा होता. ती अवजारे मोठी, महाग, आणि एका दुबळ्या बैलजोडीच्या शेतकऱ्याला न पेलणारी. सहकारी मेसन वॉ यांनी पुढे संस्थेच्या कर्मशाळेत देशी बैलांना ओढता येतील असे हलके लोखंडी नांगर तयार केले. त्यांना वाहवा, शाबाश अशी नावे होती. तेव्हा कोठे ती विद्या गरिबाच्या बांधापर्यंत पोहोचू लागली. दुसरे उणे याहून मोठे. त्या काळी शेती शिकलेली पुष्कळ मुले शेताकडे न जाता सरकारी नोकरीकडे वळत. शेती शिकायची ती शेतीपासून सुटण्यासाठी! शेतकी शिक्षणावरचा हा आक्षेप सर्वच संस्थांवर होता आणि त्याला पुरते उत्तर कोणालाही सापडले नाही.

१९३९ साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीने त्यांना आपल्या महासभेचे अध्यक्ष निवडले. ज्यांच्या नांगराकडे पाहून कधी नाके मुरडली गेली त्यांनाच मंडळीने सर्वोच्च आसनावर बसविले. पाळकाची दीक्षा न घेतलेल्या सेवकाचा हा मान आम्हा सामान्य उपदेशकांना धीर देणारा आहे. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, सुमारे ४० वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी हिंदुस्थानचा निरोप घेतला आणि १९५८ साली ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांची संस्था वाढत गेली. २००९ पासून तिला त्यांचे नाव आहे आणि २०१६ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

वाचकहो, आता पडावावरच्या त्या बापाकडे परत जाऊ. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा बारडोलीस गेलो आणि शेकोटीपाशी बसून हे चरित्र त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. साहेबांपाशी २७५ एकर होते, आपल्या गावी डोंगरउताराचा लहानसा तुकडा, त्यातही तीन भावांचा वाटा, मग शेती शिकून मुलगा करील काय?

प्रश्न खरा आहे आणि प्रार्थना करून तो टाळता येत नाही. आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की हिगिनबॉटम यांचीही स्वतःची जमीन नव्हती. ती विश्वासाने दिलेल्या दानातून आली. त्यांच्यापाशी होती ती विद्या आणि मातीची लाज न बाळगणारे मन. दुसरी ही, की शेती शिकलेल्या प्रत्येकाने स्वतःचीच जमीन कसावी असे नाही. तो ज्या कारखान्याचा ऊस तोडतो, त्याच्या शेतकी विभागात लागणीची नोंद करणारी, बेणे तपासणारी, तोडणीचा क्रम ठरविणारी माणसे लागतात. माती व पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. रोपवाटिका, दूधसंघ, कुक्कुटपालन, ठिबक सिंचन, बियाण्यांचे उत्पादन ही सारी कामे शिकलेली माणसे मागतात. शेतकी खात्यात खालपासून वरपर्यंत जागा आहेत. बँकांना शेतीकर्जासाठी शेतीचे जाणकार हवे असतात. खते-औषधांच्या दुकानाचा परवाना घेण्यासही आता शेतीविषयक शिक्षणाची अट आहे. दहावीनंतर पदविका करता येते. अकरावी-बारावीला विज्ञान घेऊन चार वर्षांची पदवी करता येते. बारडोलीपासून जवळच नवसारीला २००४ पासून स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार आहेत.

मात्र एक गोष्ट आम्ही त्याच्यापासून लपविली नाही. पदविका म्हणजे नोकरीची चिठ्ठी नव्हे. जागा थोड्या आणि मागणारे फार. ज्याला केवळ खुर्ची हवी त्याने या वाटेला न गेलेले बरे. ज्याला माती, रोप आणि जनावर यांची आवड आहे त्यालाच ही विद्या फळते. मुलाला ती आवड आहे की नाही, हे बापाने त्याच्याजवळ बसून विचारावे. आम्ही परके, आमच्या सांगण्यावर ठरवू नये.

बाप पुष्कळ वेळ विस्तवाकडे पाहत राहिला. मग तो मुलाविषयी बोलू लागला. लहानपणी आजीच्या परसात तो भोपळ्याचे वेल लावी आणि शाळेतून येताच आधी त्यांना पाणी घाली, ही गोष्ट त्यानेच सांगितली. हो किंवा नाही असे त्याने काही म्हटले नाही. मार्चमध्ये परीक्षा होती. तेवढी नीट होऊ द्यावी, निकाल लागल्यावर आपण तिघे बसू, असे ठरले.

मंडळ्यांच्या वडिलांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कित्येक मंडळ्यांच्या आणि जुन्या मिशन आवारांच्या जमिनी आज पडीक आहेत. काहींवर खटले चालू आहेत. त्यातला एखादा एकर जरी आपल्या तरुणांच्या हाती रोपवाटिकेसाठी दिला, दहावीच्या मुलांना मे महिन्यात एकदा जवळच्या कृषी महाविद्यालयात नेऊन आणले, आणि एका गरजू मुलाची पदविकेची फी मंडळीने उचलली, तरी नैनीच्या त्या सेवकाचे खरे स्मरण होईल. देवाने पहिल्या मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. ते काम पापाच्या शिक्षेच्या आधीचे आहे. शाप पुढे आला, बाग आणि काम आधी होते. आपल्या मुलांना माती ही शिक्षा वाटत असेल तर ती तशी कोणी केली, याचा विचार आपण मोठ्यांनी करावा.

त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारख्या जी मुले या हंगामातही उसाच्या फडाकडेला अभ्यास करीत असतील त्यांच्यासाठी, वाचकांनी प्रार्थना करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.